दादांना बसवण्याआधी वहिनींशी बोला

पत्राचा सारांश: पुण्यात नोकरी करणाऱ्या ३६ वर्षांच्या एका वाचकताईंचं हे पत्र आहे. त्यांचं माहेर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. मोठा भाऊ ४३ वर्षांचा, कारखान्यात फिटर. दहा-बारा वर्षांपासून पितो, गेली तीन वर्षं रोज. पूर्वी श्रावण आणि गणपती कडक पाळायचा. यंदाही श्रावण लागताच बंद केली, पण दोन दिवस हातपाय कापले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. रविवारी सकाळी मुलाला विहिरीवर पोहायला नेतो, त्या दिवशी मात्र संध्याकाळपर्यंत घेत नाही. आता गौरी-गणपतीला सगळे गावी जमणार आहेत. मामांनी ठरवलंय की सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवायचं, एकेकाने त्याचे पराक्रम तोंडावर सांगायचे आणि गणपतीसमोर शपथ घ्यायला लावायची. नाही म्हणाला, तर एका व्यसनमुक्ती केंद्राची गाडी बोलवायची. ते लोक चौघं येऊन उचलून नेतात आणि तीन महिने ठेवून घेतात. मावशींनी जेवणात नकळत मिसळायची पावडर आणून ठेवलीय. वहिनी "असं नका करू" एवढंच म्हणतात, कारण सांगत नाहीत. ताई विचारतात: "वहिनीच त्याला पाठीशी घालतात, असं सगळ्यांचं मत आहे. मामा म्हणतात, पाणउतारा झाल्याशिवाय तो ताळ्यावर येणार नाही. मैत्रीण म्हणते, तळ गाठल्याशिवाय कुणी दारू सोडत नाही, तोवर काही करू नका. मी कुणाचं ऐकू?"

प्रिय ताई,

पत्र दोनदा वाचलं. मामांची योजना, केंद्राची गाडी, मावशींची पावडर हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंय. एक गोष्ट मात्र जाता जाता लिहून पुढे गेलात आणि माझी नजर तिथेच अडकली. श्रावण लागला तशी दादांनी स्वतःहून दारू बंद केली. कुणी बसवलं नव्हतं, कुणी शपथ घातली नव्हती. दोन दिवस त्यांनी काढले. हात इतके कापत होते की चहाची बशी धरता येईना, असं वहिनींनी तुम्हाला फोनवर सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी क्वार्टर आणली आणि घरात त्याचा अर्थ निघाला, 'बघा, मनावरच घेत नाही.' मला तर त्यात दोन दिवस अगदी मनावर घेतलेला माणूस दिसतो. तिसऱ्या दिवशी त्याचं शरीर थकलं.

हे आधी नीट समजून घेऊ, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती एकदम बंद केली की शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांतच कापरं भरायला लागतं, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फीट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. या अवस्थेत वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्र हेच दिवस गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन सुखरूप पार पडतात. सकाळी उतारा म्हणून घेतलेल्या एका पेगने कापरं थांबतं, म्हणून माणूस तो घेतो. बघणाऱ्याला वाटतं, सकाळीच सुरू झाला.

आता मामांच्या शपथेकडे बघा. दादांनी ती मोडली तर सगळ्यांसमोर नाक कापलं जाईल. आणि पाळली तर? देवासमोर शब्द दिलाय म्हणून त्यांनी खरोखरच त्या रात्रीपासून थेंबही घेतला नाही, तर खरे कठीण दिवस उजाडतील तेव्हा गौरींचं विसर्जन झालेलं असेल, तुम्ही पुण्यात असाल, मामा आपल्या गावी. घरात वहिनी आणि दोन पोरं. मला त्या तिसऱ्या रात्रीची काळजी वाटते. माळ घालून दारू सुटलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत आणि त्या श्रद्धेचा मला आदर आहे. शपथ घ्यावी, माळ घालावी, पण आधी डॉक्टरांना गाठून, औषधाच्या आधाराने. यापूर्वी बंद करताना दादांना कधी फीट आली होती का, हे वहिनींना आजच विचारा. आली असेल तर घरी बंद करण्याचा प्रयत्न अजिबात नको, थेट दवाखान्यात भरती.

आता तुमचा प्रश्न: कुणाचं ऐकू?

तुमच्या मैत्रिणीचं वाक्य खूप जुनं आहे. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट, सुरू झाला. तिथे आलेल्या पहिल्या मंडळींपैकी कित्येकांनी नोकरी, घर, अब्रू सगळं घालवल्यावर दारू सोडली होती. त्यांचा अनुभव खराच होता, पण त्यावरून एक नियमच बनून गेला की सगळं गेल्याशिवाय माणूस जागा होत नाही. या नियमाने जगभरात किती घरं हात बांधून बसली असतील! तळ कुठे आहे हे आधी कुणाला ठाऊक असतं? एखाद्याचा तळ म्हणजे बायकोचे दोन शब्द, एखाद्याचा रक्ताची उलटी, आणि कित्येकांना तळ लागतो तो थेट स्मशानात. थांबा म्हणणाऱ्याला हा शेवटचा हिशेब करावा लागत नाही, तो घरच्यांना करावा लागतो.

मामांची योजनाही त्यांच्या नकळत एका जुन्या पद्धतीची नक्कल आहे. व्हर्नन जॉन्सन नावाचे एक अमेरिकन धर्मगुरू होते, स्वतः दारूतून बाहेर पडलेले. १९६०च्या दशकात त्यांनी मांडलं की तळ गाठेपर्यंत वाट कशाला बघायची, घरच्यांनी एकत्र येऊन तो तळच वर आणावा. म्हणजे सगळ्यांनी माणसाला समोर बसवायचं, त्याच्या पिण्याने काय काय झालं ते लिहून आणून वाचायचं आणि तिथल्या तिथे उपचाराला जायला सांगायचं. त्यांच्या पद्धतीत आधी समुपदेशकाबरोबर तालमी असायच्या, रागाने बोलायला मनाई असायची. तालीम आणि मनाई गळून पडली आणि जगभर उरली ती फक्त समोर बसवण्याची बैठक. मामांच्या मनात आहे ती तीच.

मग अमेरिकेतल्याच न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्यांनाच शिकवायचा एक वेगळा मार्ग काढला. पिणाऱ्याशी कसं बोलायचं, तो पीत नसताना काय करायचं, प्यायलेला असताना काय करायचं नाही, आणि उपचारांचा विषय कुठल्या क्षणी काढायचा. याला तिथे 'क्राफ्ट' म्हणतात. १९९९ साली त्यांनी १३० कुटुंबीयांना तीन गटांत वाटून तीन वाटा पडताळून पाहिल्या. या नव्या पद्धतीने शिकलेल्यांच्या घरातले ६४ टक्के पिणारे उपचारांना आले. जॉन्सनांच्या बैठकीच्या गटात ३० टक्के. ॲलनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या गटाच्या विचाराने चालणाऱ्यांत १३ टक्के. यात ॲलनॉनला नावं ठेवायचं कारण नाही. तो गट नातेवाइकांच्या मनाला आधार देण्यासाठी आहे आणि ते काम तो चांगलं करतो. बैठकीच्या गटातली खरी गोम वेगळीच होती. ज्या घरांनी बैठक शेवटपर्यंत नेली, तिथली बहुतेक माणसं उपचारांना गेलीसुद्धा. पण दहापैकी सात घरांना ती बैठक घेववलीच नाही. तालीम करूनही आपल्या माणसाला असं चारचौघांत उभं करणं त्यांच्या जिवावर आलं. वहिनींच्या 'नका करू'मध्ये मला तेच ऐकू येतं.

पाणउताऱ्याबद्दल आणखी एक. याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर १९८३पासून एक गोष्ट सांगत आले आहेत. पिणाऱ्याच्या मनात दोन्ही बाजू असतात, सोडावी असंही वाटत असतं आणि सुटू नये असंही. आपण 'सोड' म्हणून एक बाजू जोरात ढकलली की तो दुसरी बाजू घेऊन भांडतो. तुमच्याच घरात काय होतं ते आठवा. मामा म्हणतात, "दारूपायी घर बुडवलंस." दादा म्हणत असतील, "माझ्या कमाईची पितो. कुणाच्या दारात मागायला गेलो नाही. साहेबसुद्धा पितो." भांडणात जिंकण्यासाठी ते दारूच्या बाजूने एकेक मुद्दा शोधून काढतात आणि तो स्वतःच्याच तोंडून ऐकतात. मिलर यांनी १९९३च्या एका अभ्यासात पाहिलं, की समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला तितकी समोरच्या माणसाची दारू वर्षभराने जास्त होती. आणि ते समुपदेशक तर शिकलेले, पगारी होते. मामांचं काय घेऊन बसलात!

हे मी नुसतं वाचून लिहीत नाही. आमच्या घरी १९९४ साली हेच झालं. माझे धाकटे काका. मी कॉलेजात होते, त्यांची लाडकी. घरात ठरलं की त्यांना एका केंद्रात टाकायचं. सांगायचं मात्र, जोतिबाला चाललोय. जीपमध्ये त्यांच्या शेजारी मला बसवलं, कारण मी असले की ते चिडत नसत. हातात गुलालाची पुडीसुद्धा दिली होती खरं वाटावं म्हणून. एका फाटकाशी गाडी वळली तेव्हा त्यांनी पाटी वाचली. आरडाओरडा केला नाही. माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं का गं?" मी पुडीकडे बघत बसले. महिन्याने ते परत आले, जेमतेम तीन आठवडे टिकले. दारू पुन्हा लागली त्याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. पण त्यानंतर घरातलं कुणी 'चला, जरा बाहेर जाऊन येऊ' म्हणालं की ते जागचे उठायचे नाहीत. दवाखाना या शब्दाला त्यांच्या लेखी फसवणुकीचा वास लागला तो लागलाच. पुढची सहा वर्षं त्यात गेली.

शेवटी वाट निघाली ती कुठून? आमच्या गावच्या डॉक्टरांकडे काका पोटदुखीसाठी गेले होते. डॉक्टरांनी दारूचं नावही काढलं नाही. विचारलं, "सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? रात्री दोन-अडीचला जाग येते का?" काका म्हणाले, येते. डॉक्टर म्हणाले, "याला औषध आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा या, वहिनींना घेऊन या." चार दिवसांनी काका काकूंना म्हणाले, जाऊन येऊ. काकूंनी हातातलं पीठ तसंच परातीत ठेवलं, हात धुतले आणि पायात चपला सरकवल्या. 'उद्या जाऊ' म्हणाल्या असत्या तर काय झालं असतं, हे त्यांनी पुढे मला कितीदा तरी बोलून दाखवलं. काका त्यानंतर दोनदा घसरले, दोन्ही वेळा स्वतःच्या पायाने त्याच डॉक्टरांकडे गेले. शेवटची अकरा वर्षं त्यांनी घेतली नाही.

म्हणून ताई, तुमच्या योजनेत ज्या बाईला सगळे बाजूला सारताहेत, तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. वहिनी पाठीशी घालतात म्हणजे नेमकं काय करतात? कारखान्यात फोन करून 'ताप आलाय' सांगत असतील. रात्रीची उलटी पुसत असतील, सकाळी काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने डबा भरत असतील. यात लबाडी नाही. नोकरी गेली तर खायचं काय, शेजारी काय म्हणतील, पोरांनी बघू नये, यासाठी एकेक दिवस ढकलण्याची ती धडपड आहे. आणि त्या कारण सांगत नाहीत त्यालाही कारण असेल. अशा घरांतल्या बायकांचं मी बरंच ऐकलंय. गाडी आली काय आणि शपथ झाली काय, पाहुणे गेल्यावर त्या माणसाच्या रागापुढे उभं राहायचं असतं ते बायकोलाच. दादांनी कधी हात उचललाय का, हे तुम्ही वहिनींना एकटीला विचारा. मामांसमोर नको, फोन स्पीकरवर ठेवून नको. उचलला असेल तर पुढची सगळी पानं बाजूला ठेवा. आधी त्यांनी आणि पोरांनी रात्रीबेरात्री कुठल्या घरी जायचं, थोडे पैसे आणि कागदपत्रं कुठे ठेवायची, हे ठरवा. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे नंबर त्यांच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः घालून द्या.

तसं नसेल तर दोघी मिळून एक काम करा. दादा कधी पितात यावर घरात रोज बोलणं होतं, कधी पीत नाहीत यावर कुणी बोलतं का? तुम्हीच लिहिलंय की रविवारी मुलाला पोहायला नेतात तेव्हा संध्याकाळपर्यंत घेत नाहीत. हा आठवड्यातला मोकळा तुकडा आहे आणि तो आत्तापर्यंत कुणी हात न लावता तसाच पडून राहिलाय. त्या दिवशी वहिनींनी दुपारचं जेवण त्यांच्या आवडीचं करावं. संध्याकाळी, जी त्यांची नेहमीची वेळ असेल तेव्हा, घरातून बाहेर पडायचं काही निमित्त ठेवावं. मुलाला सायकलची ट्यूब बदलायला न्यायचं असेल, मळ्यात एक चक्कर असेल. आणि जेवताना एवढंच म्हणावं, "अहो, आज तुम्ही न घेता बसलात, पोरं किती बोलत होती. मला बरं वाटलं." कौतुक करताना टोमणा नको. 'रोज असं राहिलात तर काय बिघडेल' हे शेपूट जोडलं की वरचं सगळं वाया जातं. हे शेपूट गिळणं फार कठीण असतं. वहिनींना ते पहिल्या आठवड्यात जमणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

आणि घेतलेली असेल तेव्हा? तेव्हा भांडण नाही, विनवणी नाही, ताट वाढून समोर बसणं नाही. "आत्ता मी पोरांपाशी झोपते. सकाळी बोलू." बस. रात्रीची उलटी त्यांची त्यांनी सकाळी पुसावी. कारखान्यात फोन त्यांचा त्यांनी करावा. हे वहिनींना झेपेल तेवढंच करायचं. नोकरी जाण्याची भीती खरी असेल तर तो फोन तूर्त राहू द्या, उलटीपासून सुरू करा. रस्त्यात पडलेल्या माणसाला पावसात तसंच सोडा, असं मी म्हणत नाही. जीव सांभाळायचाच. फक्त दारूचा जो पसारा दादांना कधी दिसतच नाही, तो त्यांना दिसू द्यायचा.

आता गाडीबद्दल. तुम्ही केंद्राचं नाव लिहिलं नाहीत आणि मला ते नकोही आहे. पण हे सगळ्याच वाचकांसाठी लिहिते, कारण असा प्रश्न विचारणारं तुमचं घर एकटं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, त्यात दारूच्या व्यसनातून येणारे आजारही धरलेले आहेत. माणसाच्या मनाविरुद्ध भरती करता येते ती फक्त नोंदणी असलेल्या ठिकाणी. त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा प्रयत्न केलाय, धमकी दिलीय किंवा त्याला स्वतःची काळजीच घेता येत नाहीये, असं एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे एक तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासून सांगतात तेव्हाच. तीही सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस. चार माणसांनी येऊन कुणाला उचलून तीन महिने कोंडून ठेवणं यात कुठेच बसत नाही. साखळीने बांधायला तर कायद्याने साफ मनाई आहे. कुठलंही केंद्र बघताना आधी विचारा, नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, पहिल्या आठवड्यातलं कापरं आणि फीट कोण सांभाळतं, आम्हाला फोनवर बोलता येईल का, आत येऊन जागा बघता येईल का. आत येऊ देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

मावशींची पावडर टाकून द्या, आजच. अशा पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. कधी कधी घरचे डायसल्फिराम नावाची गोळीच भाजीतून देतात. हे चांगलं औषध आहे, १९४८पासून दारू सोडवण्यासाठी वापरात आहे आणि आपल्याकडचे डॉक्टर आजही देतात. पण ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला ठाऊकच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर घेणार आणि त्याच्या जिवावर बेतणार. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो. म्हणून डॉक्टर ती माणसाला समजावून, त्याची संमती घेऊन, यकृत तपासून देतात. आणि एकदा का दादांना कळलं की बायकोने भाजीत काही कालवलं, तर त्या घरात ते पुन्हा निवांत जेवतील का? आमच्या गुलालाच्या पुडीने काय केलं ते वर लिहिलंच आहे.

घरात सगळ्यांच्या डोक्यात उपचार म्हणजे भरती असं बसलंय, हेही जरा तपासून बघा. पुष्कळ जणांवर ओपीडीत उपचार होतात. पहिल्या काही दिवसांची औषधं, नंतर ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्या, दर आठ-पंधरा दिवसांनी बोलणं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हे मिळतं. गोव्यात तर प्राथमिक आरोग्य केंद्रांतच एक प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, त्यासाठी शिकवून तयार केलेल्या गावातल्याच माणसांनी दारूने त्रासलेल्या पुरुषांशी काही बैठकांत नुसतं नीट बोलायचं. २०१७ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी अशा ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या खाली आलं होतं, ज्यांच्याशी असं बोलणं झालं नव्हतं त्यांच्यात २६ टक्के. ती माणसं पूर्ण आहारी गेलेली नव्हती, दादांची गाडी बहुधा त्यांच्या पुढे गेलीय. तरी मला या प्रयोगातली साधेपणाची बाजू फार मोलाची वाटते. कारण २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो, भरती होऊन तर १८० जणांत एकाला. बाकीच्यांच्या घरी अशीच कुठली तरी बैठक ठरत असेल.

तुमच्या वाट्याचं काम पुण्यातूनच होण्यासारखं आहे, आणि ते मामांच्या भाषणापेक्षा उपयोगी पडेल. साताऱ्यात जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी कुठल्या वारी असते ते शोधा. परिवर्तन संस्थेचं व्यसनमुक्तीचं काम साताऱ्यातच आहे, तिथे चौकशी करा. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे घरच्या लोकांशीही बोलतात. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ यांवर तुम्ही स्वतःच आधी फोन करून बघा, पिणाऱ्यानेच करावा असं काही नाही. कुठल्या डॉक्टरांकडे, कुठल्या वारी, किती वाजता, गाडी कुणाची, पोरं कुणाकडे, खर्चाचे पैसे कुणाकडून, कारखान्यातली रजा कशी, हे सगळं एका कागदावर लिहून वहिनींच्या डब्यांच्या फडताळात ठेवा. 'आता बास झालं' असं दादा कधीतरी म्हणतील. पगार हरवून आलेल्या सकाळी म्हणतील, मुलगा पोहायला यायला नको म्हणाला त्या दिवशी म्हणतील. ते वाक्य फार टिकत नाही, बऱ्याचदा संध्याकाळपर्यंतही नाही. त्या वेळी कागद तयार हवा.

ते नाहीच म्हणाले तर? तर वाद न घालता विषय सोडायचा आणि पुढच्या मोकळ्या वेळी पुन्हा काढायचा. वर सांगितलेल्या अभ्यासातही सगळे काही आले नाहीत. सहा महिने सगळं नीट करूनही दादा तिथेच असू शकतात. म्हणून वहिनींचं जगणं दादांच्या दारूला बांधून ठेवू नका. त्यांना महिन्यातून दोनदा तरी माहेरी जाता यावं, बचत गटात बसता यावं, रात्री चार तास सलग झोप मिळावी. ॲलनॉनच्या सभा जवळपास कुठे भरतात का ते बघा. पोरांशीही कुणीतरी सरळ बोलायला हवं, की बाबा आजारी आहेत, तुमच्यामुळे नाही. हे तुम्ही आत्या म्हणून करू शकता.

बैठक रद्द करायला मामांना राजी करणं सोपं जाणार नाही. ते भाच्याच्या काळजीनेच उठून बसलेत, तेव्हा त्यांचा अपमान करू नका. त्यांना काम द्या. गाडी त्यांची असेल तर कागदावर त्यांचं नाव घाला: 'रात्री-बेरात्री निघायचं झालं तर मामा'. त्यांना ते आवडेल.

आणि गौरी जेवणाच्या दिवशी, पंगत उठल्यावर, दादा ओसरीवर एकटे पान लावत बसलेले असतील आणि घेतलेली नसेल, तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा. एकट्याच. विचारा, "दादा, श्रावणात तू बंद केली होतीस ना? का रे केली होतीस?" आणि मग गप्प राहा. ते काहीच बोलले नाहीत तरी गप्प राहा. काही बोलले, अगदी अर्धंमुर्धं, तर त्यावर सल्ला देऊ नका. "आणि ते दोन दिवस कसे गेले?" असं विचारा. हात कापण्यापाशी आले की सांगा, "त्याला औषध असतं म्हणे. मी चौकशी करून ठेवलीय. तुला वाटेल तेव्हा सांग, मी पुण्याहून येते."

त्याआधी आज रात्री वहिनींना फोन करा, पोरं झोपल्यावर. त्या काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.